आर्डिसच्या गाडीखालचं कासव

अमेरिकेतल्या मोहावेच्या वाळवंटी उद्यानात आर्डिस दर हिवाळ्यात माझ्या शेजारी तिची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, लावायची. नवरा गेल्यावर आम्हाला वाटलं, आता बाई घरी बसेल. ती गाडी चालवायला शिकली आणि एकटीच आली. उद्यानातली एकेक घळ पायी पालथी घालायची आणि संध्याकाळी बुटांतली वाळू माझ्या दारात झटकायची. मला त्याचा राग यायचा.

यंदा हिवाळा सरता सरता तिच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरने गाडी चालवायला बंदी केली. मुलगा डॅरेल मिनेसोटाहून आला तो सगळं ठरवूनच. गाडी विकायची, आईला आपल्याकडे न्यायचं. मला ते मुळीच आवडलं नाही, पण मला विचारतो कोण?

"एक उत्तरेची घळ राहिलीय रे," आर्डिस म्हणाली. "उद्या सकाळी जाऊन येऊ, मग निघू."

"आई, घळीत काय, दगडच ना? दगड आपल्याकडेही आहेत. गिऱ्हाईक खोळंबलंय तिकडे."

निघण्याआधी गाडीखाली वाकून बघायचं, हा इथला नियम. बघितलं तर मागच्या चाकाला टेकून एक कासव सावलीत बसलेलं. त्याला हात लावायचा नाही. घाबरलं की ते साठवलेलं पाणी सोडून देतं आणि मग उन्हाळ्यात मरतं. आपणहून जाईपर्यंत थांबायचं.

"काठीने जरा सरकवू का?" डॅरेल म्हणाला.

"दीड वर्षाचा होईपर्यंत तू जागचा हलत नव्हतास. तेव्हा मी काठी घेतली होती का?"

डॅरेल धुसफुसत सावलीत बसला. तिने दिलेला राजम्याचा वाडगा मात्र चाटूनपुसून संपवला.

दुपार कलल्यावर कासव निघालं आणि माझ्या खुर्चीसमोरून झुडपात गेलं. आर्डिसला एवढ्या लांबचं आता दिसत नव्हतं. मी गप्प बसलो.

शेवटी डॅरेल उठला, पोट सावरत गुडघ्यांवर टेकला आणि गाडीखाली बराच वेळ बघत राहिला. आर्डिस दारात उभी होती. चालायचे बूट तिने खोक्यात भरले होते, ते खोकं तिच्या हातात होतं.

"गेलं का रे?"

डॅरेलने गुडघे झटकले.

"छे! चांगलं ठाण मांडून बसलंय. आज काही हलत नाही ते," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "ती घळ किती लांब आहे गं?"