अर्धं ताट आणि उपसलेला पेनड्राइव्ह

आमच्या घरातल्या चालू कॉम्प्युटरमधून पेनड्राइव्ह उपसून काढणारा इसम मीच. आठवडाभर मी पाहुण्यारावळ्यांत 'लाइटचा घोळ झाला' असं सांगत फिरलो. ते खोटं होतं.

मोकळी दिसेल ती वस्तू उचलायची मला खोड आहे. आत कुणी आंघोळ करत असलं तरी बाथरूमचा दिवा मी बाहेरून बंद करतो. जेवताना कुणी पाणी प्यायला थांबलं, की त्याचं ताट मोरीत! "अवो, घास तरी तोंडात जाऊ द्या की!" हे वाक्य बायको लग्नापासून रोज म्हणते. (ते मला ऐकू येणं केव्हाच बंद झालंय.)

मुलगी ऋतुजा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. चार महिने ती एकाच प्रोजेक्टला चिकटून होती.

"पप्पा, कॉम्प्युटरला जोडलेली वस्तू हाय. एकजण तिच्यात लिहितोय, त्याच वेळी दुसरा तिच्यातलं वाचतोय, आणि तिसरा येऊन वस्तूच घेऊन जातोय. अशा वेळी प्रोग्रॅम कोलमडायचा न्हाय, ज्याचं त्याचं काम सांभाळायचं, एवढाच माझा विषय."

"पण काम चालू असताना वस्तू काढणारा एवढा येडा कोण असतोय?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

त्या रविवारी तिचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर चालू होता. सोमवारी सकाळी बाहेरचे परीक्षक येणार होते, त्यांना दाखवायचा ताजा अहवाल फक्त पेनड्राइव्हवर होता आणि त्याचा शेवटचा भाग प्रोग्रॅम तिथं उतरवत होता. ती आंघोळीला गेली होती. त्याच पेनड्राइव्हवरची भक्तिगीतं कॉम्प्युटरवर लावून बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. आणि नेमके वडणग्याहून दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, टपकले. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून त्यांनी आपली म्हैस मिरवली होती, त्याचं चित्रीकरण आमच्याकडं होतं. कशावर? त्याच पेनड्राइव्हवर!

"पावणं, आमच्या राणीला दावा की जरा टीव्हीवर!"

"आत्ता दाखवतो!" मी उठलो. कॉम्प्युटरवर एक हिरवी पट्टी सरकत होती. मला ती थांबल्यासारखी वाटली. (ताटातला हातही मला असाच थांबल्यासारखा वाटतो.) मी पेनड्राइव्ह उपसला.

गाणं अर्ध्या शब्दावर तुटलं.

"अवो, गाणं का थांबलं?" आतून आवाज आला.

"लाइट गेली!" मी म्हणालो. डोक्यावर पंखा गरगरत होता.

अर्धवट लिहिलेला पेनड्राइव्ह टीव्हीला वाचता येईना. त्यानं इंग्रजीत लांबलचक काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय त्यो?" दाजी.

"परवानगी मागतोय."

"मग द्या की!"

पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मी ओके दाबलं. इतक्या नम्रपणे मी आयुष्यात कुणाचं वाटोळं केलं नव्हतं.

टीव्हीनं पेनड्राइव्ह पुसून कोरा केला.

"म्हैस कुठं गेली?" दाजींनी विचारलं.

म्हैस, बायकोची गाणी आणि ऋतुजाचं पंधरा दिवसांचं काम, सगळं एका दावणीतून सुटलं होतं.

मी गुपचूप पेनड्राइव्ह होता तिथं लावला. ऋतुजा आली, खुर्चीत बसली आणि तशीच बसून राहिली.

"ह्याला हात कुणी लावला?"

"लाइट गेल्ती बहुतेक."

तिनं पंख्याकडं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "उद्या काय दाखवू मी?"

त्या दिवशी पांढऱ्या रश्श्याची वाटीसुद्धा मी भरलेलीच मोरीत नेऊन ठेवली.

तिचा प्रोग्रॅम मात्र कोलमडला नव्हता. वस्तू अचानक काढली गेली, लिहायचं राहिलेलं जपून ठेवलं आहे, असं पडद्यावर शांतपणे सांगत तो बसला होता. त्यामुळं अहवालाचा शेवटचा भाग वाचला. कॉलेजात पंधरा दिवसांपूर्वीची प्रत होती, ती मैत्रिणीनं पाठवली. मधलं सगळं ऋतुजानं संध्याकाळपर्यंत पुन्हा टाइप केलं. मी चार वेळा चहा नेऊन दिला. चौथ्यांदा ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही लांब बसा. लई लांब."

सोमवारी ती हसत घरी आली.

"परीक्षकांनी विचारलं, खऱ्या परिस्थितीत चाचणी घेतलीस का?"

"मग?"

"घेतली म्हटलं. त्यासाठी घरातच माणूस हाय."

बायको हसली. मीही हसलो, पण ती लाइट काही माझ्या मनातून जाईना. पुढच्या रविवारी जेवताना धीर केला.

"ऋतुजा, लाइट गेली नव्हती. पेनड्राइव्ह मीच उपसला. टीव्हीवर ओकेही मीच दाबलं. वर खोटं बोललो. चुकलं माझं, बाळा."

"ठाऊक हाय, पप्पा. पंखा चालू होता की."

"मग माफ केलंस?"

"केलं. पण आधी माझं ताट खाली ठेवा. भात ऱ्हायलाय अजून."