पाणी भरणे या पदावरच्या प्रयागताई

प्रयागताई घोळवे यांची आणि माझी पहिली भेट माझ्या एका मूर्ख प्रश्नाने झाली. माजलगावजवळच्या आमच्या सहकारी साखर कारखान्यात मी वजनकाट्यावर कारकून होतो. तिथून माझी बदली संदेश कक्षात झाली. दार उघडून पाहतो तर टेबलावर तीन फोन आणि समोर जाड काठाचे लुगडे नेसलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई. मी विचारले, "बाई, इथले साहेब कुठे आहेत?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाल्या, "साहेब न्हाईत, भाऊ. फोन वाजला की मीच साहेब. बसा." मी बसलो, आणि पुढची अकरा वर्षे त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून काम शिकलो.

हा कक्ष म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. कारखान्याची रुग्णवाहिका, दुष्काळात पाण्याचे टँकर आणि जनावरांच्या छावणीवरचे डॉक्टर, या सगळ्यांना कुठे आणि किती तातडीने जायचे आहे ते या खोलीतून ठरे. कोणाला साप चावला, कोणी विहिरीत पडले, कुठे तोडणीचा उसाचा फड पेटला, की पहिला फोन इथे. ताई मूळच्या नेकनूरच्या. यजमानांच्या निधनानंतर कारखान्याने त्यांना कामावर घेतले ते पाणी भरायला. एकदा फोन वाजत राहिला आणि उचलायला कोणी नव्हते, तेव्हा त्यांनी हंडा खाली ठेवून तो उचलला. त्यानंतर तो त्यांच्या हातून सुटला नाही. मस्टरवर मात्र त्यांच्या नावापुढे शेवटपर्यंत एकच नोंद राहिली: "अकुशल, पाणी भरणे." धरण तळाला गेले, कारखान्याच्या टाकीत वाडगाभर पाणी उरले नाही, त्या वर्षीही प्रयागताई आमच्या दप्तरी पाणीच भरत होत्या!

त्यांच्या कामाची रीत कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. आष्टी-पाटोद्याकडून आलेल्या ऊसतोड टोळ्या आज एका फडात, चार दिवसांनी दुसऱ्या. आपण कोणत्या शिवारात उभे आहोत हे त्यांना पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून ताई फोनवर कधीच गाव विचारत नसत. त्या विचारत, "मुकादम कोण?" भिंतीवर मोठा काळा फळा होता. त्यावर प्रत्येक टोळीच्या म्होरक्याचे, म्हणजे मुकादमाचे, नाव आणि त्यापुढे त्या दिवशीचा फड. शेतकी खात्याकडून रोज सकाळी माहिती घेऊन ताई तो फळा स्वतः पुसून नव्याने लिहीत. मुकादमाचे नाव कळले की गाडी निघालीच. नंतरचे प्रश्न गाडी वाटेत असताना.

त्या कडक होत्या, तितक्याच मायाळू. एकदा एका बाईच्या लेकराला साप चावला होता आणि ती फोनवर नुसती हंबरडा फोडत होती. ताईंनी आवाज चढवला नाही. "आक्का, लेकराचं नाव काय? सांगा बरं. त्याला निजवा. पाय हलू देऊ नका. गाडी निघाली हाय, मी फोन ठेवीत न्हाई," असे म्हणत गाडी पोचेपर्यंत त्या बोलत राहिल्या. लेकरू वाचले. फोन ठेवल्यावर ताईंनी पदराने तोंड पुसले आणि मला म्हणाल्या, "आता मला चहा पाजा. लई कोरड पडली." माझी आई दवाखान्यात होती तेव्हा सलग तीन दिवस माझी पाळी त्यांनी स्वतःच्या पाळीला जोडून केली आणि चौथ्या दिवशी त्याचा उल्लेखही केला नाही.

आता जे लिहायचे आहे ते पंच्याहत्तरीच्या अशा गौरवग्रंथात सहसा लिहीत नाहीत. पण ते गाळले तर बाकीचा लेख खोटा ठरेल.

धरण तळाला गेले त्याच दुष्काळातली गोष्ट. उभा ऊस छावणीतल्या जनावरांसाठी तोडला जात होता. ताई दुपारी छावणीवर टँकरचे पाहायला गेल्या होत्या आणि कक्षात मी एकटा होतो. इतकी वर्षे हंगामी म्हणून काढल्यावर नोकरीत कायम व्हायला मला दोन महिने बाकी होते. फोन वाजला. पलीकडून एक माणूस ओरडत होता, "बैलगाडी उलटली, माझा भाऊ खाली सापडला, गाडी धाडा!" मी विचारले, "गाव कोणते?" त्याने आष्टी तालुक्यातले आपले गाव सांगितले. मुकादम विचारण्याचे माझ्या डोक्यातच आले नाही. टोळीवाल्यांच्या गावाकडूनही आम्हाला अधूनमधून फोन येत, तसाच हा असेल असे धरून मी आष्टीच्या दवाखान्याला कळवले आणि काम झाले असे समजून बसलो. आमची रुग्णवाहिका आवारात लिंबाखाली उभी होती आणि त्या माणसाचा भाऊ आमच्यापासून दोन कोसांवरच्या फडात बैलगाडीखाली पडलेला होता.

ताई परतल्या. माझ्यासमोरच्या चिठ्ठीवर गावाचे नाव पाहून त्यांनी विचारले, "मुकादम?" तो मी विचारलाच नव्हता. फोन ज्यावरून आला तो नंबर त्यांनी लगेच फिरवला, मुकादमाचे नाव विचारले, फळ्याकडे पाहिले आणि खिडकीतूनच ड्रायव्हरला हाक मारली. पाऊण तास वाया गेला होता. अंकुश नावाचा तो तरुण जगला, पण त्याचा डावा पाय मांडीपासून काढावा लागला.

चौकशी लागणार हे उघड होते. ताईंनी नोंदवही ओढून घेतली आणि फोन घेणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. मी म्हणालो, "ताई, हे काय करायलाव?" त्या म्हणाल्या, "खुर्ची माझी. तुमाला एकटं सोडून गेलते मी. तुमी अजून कच्चे हाव, तुमाला घरी बसवतील." मी विरोध करायला हवा होता. मी केला नाही. ताईंच्या सेवापुस्तकात हलगर्जीपणाचा शेरा बसला आणि मी दोन महिन्यांनी कायम झालो.

त्यानंतर तीन वर्षांनी, निवृत्ती जवळ आली असताना, ताईंनी वर्गवारीचा अर्ज केला. मागणी साधी होती. हे काम पाणी भरण्याचे नाही, शिपायाचे नाही. त्याला आपत्कालीन संदेश नियंत्रक असे नाव द्यावे आणि कुशल वर्गात धरावे. बीडला वर्गवारी समितीपुढे सुनावणी झाली. मी साक्षीदार म्हणून ताईंच्या मागच्या खुर्चीवर होतो. समितीतले एक सदस्य हसून म्हणाले, "फोन तर आमच्या घरी नातवंडंही उचलतात." ताईही हसल्या. मग कारखान्याच्या वकिलांनी सेवापुस्तक उघडले, तो शेरा मोठ्याने वाचला आणि विचारले, "हेच का तुमचे कौशल्य?"

एक वाक्य पुरले असते. ताईंनी मागे वळून माझ्याकडे बोट दाखवले असते तरी पुरले असते. त्या वळल्या नाहीत. मीही उठलो नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पाणी भरताना चुकलं तर हंडा सांडतो. फोनवर चुकलं तर मानसाचा पाय जातो. गाव इचारायचं का मुकादम, एवढ्यात एका पोराचा जलम फिरला. मग ते काम अकुशल कसं, ते तुमीच सांगा."

निकाल आमच्या बाजूने लागला. कक्षातले सगळे कर्मचारी कुशल वर्गात आले. फक्त ज्यांच्या सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा आहे त्यांना हा लाभ नाही, अशी अट होती. असे कर्मचारी एकच होते. माझे नवे पदनाम असलेले पत्र आले तेव्हा ताईंनी ते मला दोनदा वाचायला लावले आणि स्वतः पेढे आणले. चार महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या, पाणी भरणे या पदावरून. निरोप समारंभात मी भाषण केले. त्यातही मी हे सांगितले नाही. भित्रा माणूस भाषण फार छान करतो, हे मला त्या दिवशी कळले.

या लेखासाठी ताईंना भेटायला नेकनूरला गेलो आणि म्हणालो, "ताई, आता खरे काय ते लिहिणार आहे." त्या शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिव्हा. पण आदी अंकुशला सांगितलं का? पाय त्याचा गेला. माझा नुसता कागद गेला."

मी आष्टीकडे गेलो. अंकुशराव आता गावात पिठाची गिरणी चालवतात. त्यांनी गिरणी बंद केली आणि माझे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "आमाला ठावं हाय, साहेब. माझ्या भावानं फोन केलता. पलीकडं गड्याचा आवाज व्हता, बाईचा न्हाई. चौकशीला भाऊ तेच सांगनार व्हता. ताई दवाखान्यात आल्या, माझ्या उशाशी बसल्या, म्हनल्या, त्या मानसाला एकडाव संधी द्या, तो पुन्ना चुकायचा न्हाई."

अकरा वर्षे ज्या खुर्चीवर बसलो आणि पुढे ज्या पदाचे नाव मिरवले, ते मला एका पाय गमावलेल्या माणसाने आणि त्याच्या भावाने गप्प राहून दिले होते, ताईंच्या शब्दाखातर.

ताईंचा शेरा रद्द करून त्यांना मागील तारखेपासून नियंत्रक हे पद द्यावे, असा अर्ज आम्ही गेल्या आठवड्यात दाखल केला आहे. त्यावर माझी कबुली आहे आणि खाली अंकुशराव व त्यांच्या भावाच्या सह्या आहेत. सरकारी कागद किती सावकाश चालतो, ते आपण सारे जाणतो. म्हणून या पंच्याहत्तरीच्या दिवशी ताईंसाठी माझे मागणे थोडे स्वार्थी आहे. त्यांची नजर अशीच स्वच्छ राहो, कान असेच तिखट राहोत, आणि तो दुरुस्त झालेला कागद कोणी वाचून न दाखवता त्यांनी स्वतः वाचावा, इतके निरोगी आयुष्य त्यांना लाभो.