डाग निघाल्यावरची जाहिरात

डाग दिसला की डागताईंना आनंद होतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माणूस रडवेल्या चेहऱ्याने लाँड्रीत शिरतो, कोटावर सांडलेली शाई दाखवतो, आणि काउंटरपलीकडची पन्नाशी उलटलेली ही बाई चष्मा कपाळावर सरकवून कोट उजेडाकडे धरते. "वा, शाई. आणि कालचीच दिसतेय. बसा." समोरच्याला वाटतं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग तोच माणूस स्वच्छ कोट घेऊन निघतो आणि दारातूनच कुणाला तरी फोन लावून या बाईचं कौतुक सांगत सुटतो.

दुकान सासऱ्यांचं. लग्न होऊन आल्या तेव्हा ताईंच्या वाट्याला कपड्यांना चिठ्ठ्या अडकवायचं काम आलं. सासऱ्यांकडे प्रत्येक डागावर एकच औषध होतं, गरम पाणी; पुढचं ज्याच्या त्याच्या नशिबावर. एकदा रक्ताचा डाग त्या गरम पाण्याने जन्माचा पक्का झाला, तेव्हा ताई न राहवून म्हणाल्या, "बाबा, रक्ताला थंड पाणी लागतं." दुसऱ्या दिवसापासून डाग पडलेले कपडे सुनेच्या टेबलावर यायला लागले. सासूबाईंना ते कधीच रुचलं नाही. "लोकांची घाण काढायची हौस आहे हिला," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या, सुनेला ऐकू जाईल अशा बेताने. ताईंचे यजमान वाफेच्या इस्त्रीमागे असत. त्या वाफेत ते धड दिसत नसत आणि बोलत तर त्याहूनही कमी.

इंटरनेटवरचं पान ही नणंदेची कल्पना. नणंद छापखान्यात पानं जुळवायचं काम करते, जीभ तिखट आणि हात चपळ. ती म्हणाली, "वहिनी, दिवसभर फोनवर तेच तेच सांगत बसतेस. एकदा लिहून का नाही टाकत?" ताईंनी लिहिलं, आणि जसं बोलतात तसंच लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, "आधी श्वास घ्या. घासू नका. घासणार असाल तर पुढे वाचू नका." त्याखाली पायऱ्या. मेण असेल तर टीपकागद आणि इस्त्री, तेल असेल तर पावडर, गंज असेल तर लिंबू आणि मीठ, आणि आजारी माणसाच्या चादरी असतील तर आधी थंड पाणी.

लोक असे लोटले की विचारू नका. कुठलीशी मुलगी, तासाभरात तिचा नाच, आणि पांढऱ्या झग्यावर वंगण. तिच्या आईने नंतर कळवलं, निघालं हो. ताईंनी तो निरोप दुकानात मोठ्याने वाचून दाखवला, गिऱ्हाईकांना आणि इस्त्रीलाही. पण त्यांच्या मनात घर करून राहिला तो दुसराच एक निरोप. एक माणूस अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करत होता. चादरींचे डाग कुणाला दाखवायचे, कुठल्या तोंडाने दुकानात न्यायचे, म्हणून तो रोज एक चादर फेकून देत होता. त्याने लिहिलं होतं, "तुमच्या पानाने मला काही विचारलं नाही. फक्त सांगितलं." ते वाचल्यावर ताईंनी चष्मा काढून पुसला आणि ठरवून टाकलं, काय वाटेल ते होवो, हे पान बंद पडू द्यायचं नाही.

बंद पडायची वेळ मात्र आलीच. वाचणारे वाढले की पान चालू ठेवायचा खर्चही वाढतो, आणि तो लाँड्रीच्या गल्ल्याला झेपेना. नणंदेने उपाय काढला: जाहिराती. जाहिराती वाटणारी एक कंपनी असते, ती तुमच्या पानावर चौकटी टाकते, वाचणाऱ्याने चौकटीवर क्लिक केलं की जाहिरात देणारा त्या कंपनीला पैसे देतो आणि त्यातला वाटा तुम्हाला मिळतो. नणंदेने हात सैल सोडला आणि पानभर चौकटी पेरल्या. एक तर 'पुढची पायरी' या बटणाला अगदी खेटून बसवली.

क्लिकचा नुसता पाऊस. घरात कुणाचे पाय जमिनीवर ठरेनात. आजवर त्या पानाकडे ढुंकूनही न पाहिलेल्या सासूबाई फोनवर आकडा वाढताना पाहायला लागल्या. स्वेटरचं तुटलेलं बटण सेफ्टी पिनेवर भागवणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, "घाणीत एवढं असतं हे मला ठाऊक नव्हतं." पान वाचलं मात्र त्यांनी तेव्हाही नाही.

आणि मग कंपनीचा निरोप आला. तुमच्या पानाचा दर्जा: दहापैकी तीन. महिनाअखेरीस पुन्हा तपासणी. पाचाच्या खाली राहिलात तर जाहिराती कायमच्या बंद.

तीन! ताईंनी शाळेतसुद्धा तीन मार्क कधी पाहिले नव्हते. त्या अजून आकड्याकडे बघतच होत्या, तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. पलीकडे कुणी बटणवाले होते. स्वतःच्या छोट्या कारखान्यात बटणं करायची आणि इंटरनेटवर विकायची, हा त्यांचा धंदा.

"बाई, 'पुढची पायरी'जवळ जी जाहिरात आहे ती माझी," ते म्हणाले. "रोज तुमच्याकडून माणसांची रीघ लागते आणि सगळी उंबरठ्यावरूनच पळ काढतात. प्रत्येक पळपुट्यामागे मी पैसे मोजतो. वर कंपनी म्हणते, माझीच जाहिरात टुकार. तिला मार्क कमी, म्हणून दर जास्त, आणि दर जास्त देऊनही बाकीच्या पानांवर जागा सगळ्यात खाली. मी तुमचं काय वाकडं केलंय?"

ताई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "मला दोन दिवस द्या. मी डाग काढते." बटणवाले गोंधळले असावेत, पण फोन त्यांनी सभ्यपणे ठेवला.

आता मार्क वाढवायचे कसे, यावर नणंद-भावजयींचा खल चालू झाला. तिकडे सासूबाईंनी वेगळीच मोहीम उघडली होती. दोनच दिवसांत तीनाचे दोन झाले, आणि ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. नणंद छापखान्यातून धावत आली. आकडे चाळता चाळता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वहिनी, हे बघ. काही माणसं रोज येतात, एका दमात सगळ्या जाहिराती दाबतात आणि निघून जातात. वाचत एक अक्षर नाहीत. कंपनीला वाटतंय आपण भाड्याने माणसं बसवलीत."

कोपऱ्यात सासूबाई फोनवर अंगठा मारत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि समाधानाने सुनेला सांगितलं, "भाड्याने कशाला? घरचीच आहेत. तुझ्या मामेसासऱ्यांपासून सगळ्यांना सांगून ठेवलंय, सकाळ-संध्याकाळ दाबायचं. मी स्वतः दुपारचंही दाबते."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, ते हे असं. नणंदेने तोंड उघडलं, पण ताईंनी तिचा हात धरला. त्यांना राग आला होता, खोटं कशाला बोलायचं. पण त्याहून जास्त हसू येत होतं. इतक्या वर्षांत सासूबाईंनी त्यांच्या कामासाठी बोट उचललं होतं ते हे पहिल्यांदा, आणि उचललं ते नेमकं चुकीच्या ठिकाणी टेकवायला.

"आई," ताई म्हणाल्या, "तुम्ही प्रेमाने करताय. पण त्या यंत्राला प्रेम कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की माणूस आला आणि काही न बघता पळाला. त्या प्रत्येक दाबण्याचे पैसे त्या बटणवाल्यांना पडतात, आणि खोटं दाबणं आपल्या पानाला लागतं."

"मग आम्ही काय करायचं?"

"काहीच नाही. हात आवरायचा."

ती संध्याकाळ नात्यागोत्यात फोन करण्यात गेली. आत्तापर्यंत कुठल्या सुनेवर अशी पाळी आली नसेल, की अहो मामा, कृपा करा, मला मदत करू नका. मामेसासरे तर दुखावलेच. "मी रोज डोळ्यांत औषध घालायच्या आधी तुझं दाबतो," ते म्हणाले. सासूबाईंनीही कानाला खडा लावला, मात्र चेहरा असा केला की जणू कुणी त्यांचं रेशन बंद केलंय.

खोटी माणसं थांबली, पण खरी माणसं चुकून दाबतच होती. घोडं पेंड खात होतं ते त्या चौकटींपाशी, एवढं कळत होतं. पण चौकटी काढल्या तर पानाचा खर्च कुठून निघणार, हे कळत नव्हतं. आणि ते कळलं ते काउंटरवर, एका कॉफी सांडलेल्या शर्टामुळे.

मुलाखतीला निघालेला एक माणूस अंगातल्या शर्टासकट आत धावत आला. ताईंनी त्याला शर्ट काढायला लावला, यजमानांचा जुना कोट पांघरायला दिला आणि डागाला हात घातला. सवयीने मध्येच म्हणाल्या, "आमच्याकडे कोटाचे ब्रशही मिळतात हं." त्याने ऐकलंच नाही. पुन्हा सांगितलं, तर खेकसला, "आधी हे काढा हो." मग डाग गेला, शर्टावरून इस्त्री फिरली, माणसाचा जीव भांड्यात पडला. आणि तोच माणूस निवांत आरशासमोर उभा राहून म्हणाला, "अरे, बाहीचं बटणही गेलंय. बटणं ठेवता का तुम्ही?"

ताईंचा हात हवेतच थांबला. त्यांनी डब्यातलं एक बटण काढून भराभर टाचून दिलं, त्याला जवळजवळ ढकलून रस्त्यावर पाठवलं आणि तशाच गळ्यातल्या मापाच्या फितीसकट छापखान्यात धावल्या. पन्नाशीच्या बाईला इतकं पळताना त्या रस्त्याने पाहिलं नव्हतं.

"सगळ्या चौकटी काढ," त्या धापा टाकत म्हणाल्या. "एकच ठेव. सगळ्यात शेवटी, डाग निघाल्यावर."

"वहिनी, तिथपर्यंत कोण जाईल? क्लिक मोजके राहतील."

"राहू देत. ज्याच्या हातात डाग आहे त्याला दुसरं काही दिसत नाही गं. डाग गेला की मग माणूस स्वतःकडे बघतो."

नणंद हट्टी, पण समोरचं डोकं चाललं की तिला कळतं. तिने तिथल्या तिथे चौकटी उडवल्या. ताईंनी बटणवाल्यांना फोन लावला. त्यांच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 'सर्वोत्तम बटणे, विश्वासाची परंपरा'. त्यावर क्लिक केलं की समोर येई कारखान्याचं फाटक आणि हार घातलेले त्यांचे आजोबा. ताई म्हणाल्या, "आजोबांना नमस्कार माझा. पण बटण शोधायला आलेल्या माणसाला आधी बटण दाखवा. तुटक्या बटणाच्या जोडीचं बटण कसं ओळखायचं, ते सांगा." बटणवाले थोडे रुसले. मग त्यांनाही चेव चढला. दिवसाकाठी तीनदा फोन करून ते नवी नवी वाक्यं ऐकवायला लागले, आणि शेवटी ठरलं: "डाग गेला. बटण शाबूत आहे का, बघा."

क्लिक खरोखरच ओसरले. कधी दिवसाला चार, कधी दोन. नणंद नखं खात होती. सासूबाई फोन पदराखाली घेऊन बसत, जणू तो आपोआप दाबला जाईल. पण जे थोडे जात होते ते बटणवाल्यांकडे थांबत होते, बघत होते, बटणं घेत होते. बटणवाल्यांचा आवाज रोज एकेक पट्टी वर चढत गेला. "बाई, माझे मार्क वाढले. दर उतरला. बाकीच्या पानांवर जागा वर आली," ते सांगत, आणि ताई कॅलेंडरवरचे दिवस मोजत, कारण त्यांचा स्वतःचा आकडा उतरताना दोन दिवसांत उतरला होता, पण चढायचा तो महिनाअखेरच्या तपासणीतच.

महिनाअखेर आली. नणंदेने छापखान्यातून रजा घेतली होती. ताईंनी त्या सकाळी एका कोटावर दोनदा चिठ्ठी लावली. यजमानांनी इस्त्री बंद केली, वाफ विरली, आणि ते बऱ्याच वर्षांनी सगळ्यांना स्पष्ट दिसले. नणंदेने फोन उघडला आणि वाचला. तिने पडदा वहिनीसमोर धरला.

आठ.

जाहिराती चालू राहतील, आणि चांगल्या पानाला दर क्लिकमागे वाटाही जास्त मिळेल. आता दिवसाच्या चार क्लिकमध्येही पानाचा खर्च निघणार होता. ताई मटकन स्टुलावर बसल्या आणि हसत हसत रडल्या, लपवलं काही नाही. यजमान म्हणाले, "बरं झालं," आणि त्यांच्या हिशेबी ते भाषणच होतं. नणंद मामेसासऱ्यांना फोन करायला धावली आणि धावता धावता ओरडून सांगत गेली, मामा, आता तरी दाबू नका.

दुपारी दुकान शांत झालं. ताई आत, टांगलेल्या कोटांच्या रांगेमागे होत्या. काउंटरवरून सासूबाईंचा आवाज आला. त्या दुकानाच्या फोनवर बोलत होत्या.

"बटणवाले का? मला सहा बटणं हवीत, तपकिरी. स्वेटरची. तुमची जाहिरात पाहिली. दाबलेली नाही हो, आधीच सांगते." पलीकडून काहीतरी विचारणं झालं. "कुठे म्हणजे? आमच्या सुनेच्या पानावर. सगळ्यात शेवटी असते ना ती... हो, वाचलं की. पहिल्यापासून वाचलं. माझ्या कपड्यांवर डाग एकही नाही, तरी वाचलं." मग आवाज जरा उतरला. "त्या चादरींचं लिहिलंय ना, ते वाचा तुम्ही. फार मायेने लिहिलंय तिने."

ताईंनी हातातला कोट हँगरला अडकवला, काढला, पुन्हा अडकवला. वाफेतून यजमानांनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "आईंना बटणं हवी आहेत."