दाखवायचा मास्तर

एम.ए. झाल्यावर मी इंग्रजी शिकवायला हनोईला गेले. प्रवेशाच्या दिवशी क्लासच्या संचालिकाबाईंनी एका गोऱ्या तरुणाला कोट चढवून दारात उभं केलं. हा गृहस्थ फळ्यावर लिहिण्याआधी मला स्पेलिंग विचारायचा. पालक मात्र देवदर्शनाला आल्यासारखे त्याच्यासमोर वाकत होते.

“तू जरा आत बस,” बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. “तुझा रंग बघून लोक मुलांची नावं घालायचे नाहीत.”

भाषा कातडीतून झिरपते असं मानणारी ही शिकलीसवरलेली माणसं! मला त्यांची किळस आली. वाटलं, सरळ निघून जावं. पण मी म्हणाले, “बरं मॅडम,” आणि आत जाऊन माझ्याच हातानं दार लावून घेतलं.