चिंबोरीची पुसट तंगडी

ज्या मावशीमुळे मला चिंबोरी नीट बघता आली, तिलाच मी वाया गेलेला छाप दिला. तोही पहिला म्हणून. आता तिच्याशी बोलून झालंय, मन हलकं आहे, म्हणून लिहू शकतो.

मी छापचित्रं करतो. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, त्यावर शाईचा रोलर फिरवायचा, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा छोटा गाळा आहे. शेजारी प्लास्टिकचे डबे बनतात, त्या मशीनच्या धडधडीत माझा हात छान चालतो. सकाळी खाडीवर जाऊन तिवराची पानं, बगळ्यांचे पाय, चिखलातली बिळं वहीत उतरवायची आणि दुपारी कोरायला बसायचं. पन्नाशी आली, तरी कंटाळा आलेला नाही.

मावशी तिथल्याच गावठाणात राहते, चिंबोऱ्या म्हणजे खाडीतले खेकडे विकते. दोरीने बांधलेली चिंबोरी वहीत काढून माझं समाधान होईना, तेव्हा तिने ओट्यावर एकीची दोरी सोडली. चिंबोरीने माझं बोट धरलं. मावशीने ते सोडवलं आणि हसत म्हणाली, "काढ आता लवकर. अजून नऊ बोटं हायेत तुला."

माझ्या गुरूंची शिस्त होती, ज्याच्यामुळे बघायला मिळालं त्याला पहिला स्वच्छ छाप द्यायचा. मी वीस छाप काढले. त्यातल्या एका छापात एका तंगडीवरून चमचा फिरवायचाच राहिला, ती पुसट आली. प्रदर्शन तोंडावर होतं, चांगले छाप मला तिथे हवे होते. मावशीला काय कळणार, असा विचार केला, त्या पुसट छापाखाली पेन्सिलीने 'पहिला' लिहिलं आणि तिला देऊन आलो.

तिने तो फ्रेम करून देवांशेजारी लावला. एकदा मी तिथे चहा पीत असताना तिची जाऊ म्हणाली, पाय अर्धवटच राहिलाय की. मावशी तिच्यावर उखडली. भांडणात मोडला असेल, कवच टाकलं की नवा फुटतो, याने डोळ्यांनी बघून काढलंय, तुला काय ठाऊक. मी मान खाली घालून चहा संपवला.

त्यानंतर दोन वर्षं मी तिच्याकडे जात राहिलो आणि गप्प राहिलो. खरं सांगितलं तर तिचा माझ्यावरचा विश्वास जाईल, जावेसमोर तिची मानही खाली जाईल, ही भीती होती.

गेल्या आठवड्यात माझ्यासाठी ठेवलेला शेवटचा स्वच्छ छाप घेऊन गेलो. मावशी ओट्यावर चिंबोऱ्या बांधत होती. मी शेजारी बसलो.

"मावशी, ती तंगडी मोडलेली नव्हती. छापताना माझी चूक झाली. चांगले छाप प्रदर्शनाला ठेवले आणि खराब झालेला तुला पहिला म्हणून दिला. तुला कळणार नाही असं वाटलं मला. तू माझ्यासाठी जावेशी भांडलीस, तेव्हाही गप्प बसलो. चुकलो मी. माफ कर."

मावशीने हात पदराला पुसले आणि मी आणलेला छाप हातात घेतला.