गुरुवारपर्यंतचा टेरन्स

रॉडरिक हल्ली माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतो, आधी पायांकडे. ही गोष्ट काही केल्या व्हर्नेलच्या डोक्यातून जात नव्हती. आज सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर म्हातारे डीकन हात पुढे करून उभे होते आणि तिचा मुलगा त्यांच्या घोट्यांवर नजर लावून होता. घोड्यांच्या शर्यतींसाठी गाजलेल्या लुइव्हिलमध्ये वाढलेल्या बाईला ती नजर ओळखू येते. घोडा विकत घ्यायला आलेला माणूस तसं बघतो.

त्याचं कामच तसं होतं. कॉलेजात तो स्वतः बरा खेळायचा. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला आणि तेव्हापासून तो जिना तिरका होऊन उतरतो. त्या गुडघ्यानेच पुढे त्याला शहराच्या बास्केटबॉल संघात नोकरी मिळवून दिली. सामन्याआधी, खुर्च्या रिकाम्या असताना तो कोपऱ्यात बसायचा आणि वय झालेल्या नावाजलेल्या खेळाडूंचा सराव बघायचा. उडी मारून कोण कुठल्या पायावर उतरतो, वळताना कोण पाय वाचवतो. मग वरच्या साहेबांना सांगायचा: ह्याला त्याच्या गलेलठ्ठ करारासकट दुसरा संघ घेईल, की ह्याला खपवायला वर आपलाच एखादा तरुण पोरगा द्यावा लागेल.

यंदा साहेबांनी टेरन्सबद्दल विचारलं होतं. टेरन्स म्हणजे अर्नेस्टीनचा मुलगा. अर्नेस्टीन चर्चच्या गायकवृंदात व्हर्नेलच्या शेजारी उभी राहते. रॉडरिकचं ऑपरेशन झालं तेव्हा बाकीचे मित्र पांगले. टेरन्स मात्र उन्हाळाभर त्याला गाडीत घालून व्यायामाला नेत होता.

"अर्नेस्टीनचे पाय जमिनीला लागत नव्हते आज," ताटात मासे वाढत व्हर्नेल म्हणाली. "म्हणते, व्हर्नेल, माझं पोर पुन्हा उभं राहिलं. काल अठ्ठेचाळीसपैकी अडतीस मिनिटं खेळला ना!"

रॉडरिकने मक्याच्या पावाचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"गुरुवारपर्यंत खेळवतील."

"गुरुवारी काय आहे?"

"खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. बाकावर बसलेला म्हातारा कोण घेतो, आई? मैदानात पळताना दिसला की शेवटच्या घाईत एखादा संघ भुलतो."

"आणि त्याचा गुडघा?"

"कुठला गुडघा?"

"मला नको शिकवू. तुझा गुडघा सहा महिने मी चोळलाय."

तो हसला, पण ते हसू तोंडातच राहिलं. "डावा संपलाय त्याचा. हाडावर हाड घासतंय. इंजेक्शन घेऊन उतरतो."

"त्याला ठाऊक आहे, कशासाठी खेळवतायत ते?"

"त्याला वाटतं, प्रशिक्षकाचा विश्वास परत बसला."

"खेळवा म्हणून सांगितलं कोणी?"

रॉडरिकने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "मी."

व्हर्नेलने हातातला चमचा खाली ठेवला.

"दोन सामने राहिलेत," तो घाईघाईने बोलू लागला. "निभावेल तो."

"आणि नाही निभावला तर?"

"तर चाळिशीच्या आत काठी."

"मग सांग त्याला, रॉड. आत्ता सांग."

"नोकरी जाईल माझी. पुन्हा कुठला संघ दारात उभा करणार नाही. आणि तो ऐकेल असं वाटतं तुला? मी ऐकलं होतं तुझं?"

नव्हतं ऐकलं. तीही तेव्हा, दुखऱ्या गुडघ्याने खेळू नकोस, असं एकदाच बोलली होती आणि गप्प बसली होती.

तो न जेवताच उठला. कोट चढवला, तिच्या कपाळावर ओठ टेकवले आणि कठड्याला धरून, तिरका होत, एकेक पायरी उतरला. त्याची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती दारात उभी राहिली.

टेरन्स प्रशिक्षकाचं ऐकणार नाही, डॉक्टरांचं तर नाहीच. आईपुढे मात्र तो अजून टोपी काढून उभा राहतो. अर्नेस्टीनला कळलं तर ती आज संध्याकाळीच त्याच्या दारात जाऊन बसेल. आणि हे तिला कोणी सांगितलं, ते उद्या सगळ्यांना कळेल. रॉडरिकला सगळ्यात आधी.

व्हर्नेलने त्याचं ताट झाकून ठेवलं. ओले हात एप्रनला पुसले. अर्नेस्टीनचा नंबर तिला पाठ होता.