दाजींची मुकी गाडी

फोनवर अक्काचं नाव दिसलं तेव्हा सकाळचा पहिला चहाही झाला नव्हता. आमच्या घरात वाईट बातमी येईल ती अक्काचीच, असं आम्ही सगळ्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. तिचा दमा किती वर्षांचा... फोन घेतला तर तिचाच आवाज. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं. मग ती म्हणाली, "सुध्या, हे उठंनात रं." एवढंच. पुढं फोनमध्ये नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, तो नेहमीचा शिट्टी वाजल्यासारखा. मी उरवड्याला पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं म्हणाले. जिच्यासाठी आम्ही जीव मुठीत धरून होतो ती दाराशी बसलेली, आणि जो माणूस कधी साध्या तापानं अंथरुणाला लागला नाही तो गेलेला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उरवड्यात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरचे पंप, कारखान्यांतल्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, जे जळेल ते दाजींच्या दारात यायचं. माणूस आडदांड, आवाज त्याहून मोठा, आणि हट्टाच्या बाबतीत तर विचारू नका. मला कायम "मास्तर" म्हणायचे, आणि त्यात आदर किती नि टिंगल किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. जवळच्या मुठा गावात पुण्याच्या एका हौशी माणसाचा बंगला होता. त्यानं एक मॅटॅडोर आतून सजवून घेतली होती. मागं पलंग, खिडक्यांना पडदे, भांडी घासायला एक इवलं सिंक. हौस फिटल्यावर ती गाडी शेडमध्ये पडली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. बंगला विकताना त्यानं ती दाजींच्या गळ्यात मारली. असं आम्ही म्हणायचो. दाजी म्हणायचे, "गळ्यात न्हाई, पदरात पडली."

त्या गाडीतून दोघं कुठं कुठं फिरले! मूलबाळ नव्हतं, मागं कुणी वाट बघणारं नव्हतं. चार दिवस दुकानाला कुलूप लागलं की समजायचं, स्वारी निघाली. जुन्या मॅटॅडोरचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, झाकणाखाली. ते झाकण तापायचं. अक्का दुधाला विरजण लावून भांडं फडक्यात गुंडाळायची आणि त्या झाकणावर ठेवायची. मुक्कामाला पोचेपर्यंत दही तयार. ते विरजणही साधंसुधं नव्हतं. लग्नात आमच्या आईनं वाटीत घालून दिलेलं, ते तिनं कधी तुटू दिलं नव्हतं. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला, असं आजवर चालत आलेलं. आई गेली, तरी तिच्या घरचं दही उरवड्यात लागत होतं.

मग अक्काला दम्यानं गाठलं. त्याच झाकणाच्या फटींतून डिझेलचा धूर यायचा. तो नाकात गेला की ती निळी पडायची. आमचं गाव ताम्हिणी घाट उतरून खाली, निजामपूरच्या अंगाला. माझ्या गाडीतून एकदा नेऊन बघितलं. ताठ बसून तिला धाप लागली, घाटाच्या तोंडाशी माघारी फिरावं लागलं. तिला तक्क्याला रेलून पाय पसरायला हवे होते, वाफेचं मशीन लावायला हवं होतं. म्हणजे मॅटॅडोरच हवी होती, फक्त तिच्या पोटातला धूर नको. तेव्हापासून तिचं माहेर तुटलं. आई गेली तेव्हासुद्धा ती येऊ शकली नाही. ते तिनं बोलून दाखवलं नाही, पण दाजींच्या ते मनाला लागलं असणार. कारण वर्ष सरलं आणि एक दिवस ते म्हणाले, "मास्तर, इंजिन काढून टाकतो. हिला विजेवरची मोटार बशिवतो."

मी हसलो. मीच काय, सगळं उरवडं हसलं. पुण्यातल्या एका कंपनीकडून त्यांनी जुनी गाडी विजेवर चालवायचा, सरकारी मंजुरी असलेला किट मिळवला. आरटीओच्या इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई यांना घरचं विचारू लागला. इतकं करून पहिल्यांदा चुकलंच. सगळ्या बॅटऱ्या त्यांनी मागं पलंगाखाली रचल्या. चढाला लागली की गाडीचं तोंड हलकं व्हायचं, स्टिअरिंग फिरवलं तरी ती आपल्याच मनानं जायची. पिरंगुटच्या चढावर कठड्याला घासून आल्यावर गपगुमान निम्म्या बॅटऱ्या उचलून पुढं आणल्या, जिथं पूर्वी इंजिन होतं तिथं. अक्काची तक्रार वेगळीच. "आता झाकान तापत न्हाई. माजं दही कुटं लावू?" दाजी म्हणाले, "अगं, तुला श्वास पायजे का दही?" ती म्हणाली, "दोनी."

गाडी धावायला लागली ती इतकी बिनआवाजाची की लोक तिला मुकी गाडी म्हणू लागले. मुठा खोऱ्यात रस्त्यात मेंढरं बसलेली असायची, ती हलेनात. आवाज असेल तर हलतील ना! धोंडिबा धनगरानं आपल्याकडची एक घंटा दिली, ती दाजींनी पुढच्या बंपरला बांधली. दोघांच्याही ध्यानात आलं नाही की घंटा असते कळपाच्या म्होरक्याच्या गळ्यात. झालं! सगळा कळप म्होरक्या समजून गाडीमागं चालू लागला. आरशात बघत दाजी पुढं, मागं मेंढरं, आणि त्यांच्या मागं बोंबलत धोंडिबा, "अण्णा, थांबा! माजी मेंढरं कुटं चालवली?" हा किस्सा सांगताना दाजींच्या डोळ्यांत पाणी यायचं. घंटा मग त्यांनी आत, आरशाला अडकवली.

तरी दाजींनी अक्काला लगेच नेलं नाही. "जायाचं काय, घाटानं गाडी घरंगळत बी जाईल. पन येताना चढ हाय. मधीच बंद पडली तर हिला घिऊन बसू कुटं?" आधी एकट्यानं जाऊन येणार, तेही अक्काच्या वजनाएवढा भार घालून. वजन विचारलं तर ती म्हणाली, "गाडीला सांगंन, तुमाला न्हाई." मग यांनी अंदाजानं पलंगावर आंबेमोहोर तांदळाची पोती टाकली. एक पोतं जास्त झालं म्हणून ती दोन दिवस बोलली नाही. पोती घेऊन ते आमच्या गावच्या वेशीपर्यंत जाऊन आले. आल्या आल्या मला फोन. "मास्तर, पोचून माघारी आली, तळाला उरलं बी! गाडी चार्जिंगला लावली हाय. रविवारी तुमच्या अक्काला आनतो. तुमी म्होरं जाऊन घर झाडून ठिवा." आवाजात एवढा आनंद की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. त्याच रात्री झोपले ते उठले नाहीत.

त्या दिवशी अंगणात माणसं जमली होती. अक्का एकाएकी उठली, गर्दीतून वाट काढत गाडीपाशी गेली आणि चार्जिंगची पिन काढली. "भरल्यावर लावून ठिवू नगं म्हनायचे," एवढं बोलून परत येऊन बसली. मला तेव्हा रडू आवरेना.

दुखवटा काढायला भावानं बहिणीला माहेरी न्यायची आमच्यात रीत आहे. तेराव्यानंतर मी गेलो. मनात भीती, ही येणार कशी? ती बोचकं बांधून गाडीच्या पायरीवर बसली होती. इतक्या दिवसांत तिनं गाडीला कुणाला हात लावू दिला नव्हता. भाऊबंदांपैकी कुणी म्हणालं, उभी राहून बॅटरी उतरेल, परत लावू का, तर तिनं पिनच पदराखाली धरली. मला म्हणाली, "ह्यांनी भरून ठिवल्याली हाय. त्यावरच जायाचं."

मी चालवायला बसलो, ती मागं पलंगावर रेलली. दाजींच्या खुर्चीत मला माझे हात परके वाटत होते. धरणाच्या कडेकडेनं निघालो. बॅटरीच्या काट्यावरचा आकडा हळूहळू उतरत होता, आणि आरशात बघितलं की तिचे डोळे त्याच आकड्यावर. मला वाटलं, ही दाजींना संपताना बघतेय... दुसऱ्यांदा. थांबवू का, असं तोंडावर आलं. घाट लागला, गाडी उताराला लागली आणि आकडा वर चढू लागला. उतारावर अशा गाडीची बॅटरी आपोआप भरते, हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं. ती उठून बसली. "सुध्या, वाडतंय रं! हे अजून भरत्यात का काय?" मला समजावून सांगता आलं असतं. मी म्हटलं, "व्हय अक्का." सगळा घाट ती खिडकीला हात धरून बसून राहिली. वाफेचं मशीन तिनं मागितलं नाही.

घरी पोचलो. ती आईच्या चुलीपाशी जाऊन खूप रडली. आईसाठी रडायचं राहिलं होतं, तेही त्यातच आलं. चार दिवस राहिली. गावातल्या जुन्या माणसांना भेटायला तिला रोज गाडीनंच नेलं, त्यात बॅटरी उतरत गेली. परतायच्या आदल्या दिवशी मी ओटीवरून वायर ओढली आणि घाबरत घाबरत विचारलं, "लावू का?" वर घाट चढायचा, न लावून चालणार नव्हतं. पण लावली की दाजींनी भरलेलं ते आणि हे, वेगळं कसं राहणार?

अक्का काट्याकडं वाकून बघत राहिली. बॅटरी थोडीच उरली होती. मग तिनं माझ्या हातातून पिन घेतली आणि स्वतः बसवली. "पार संपल्यावर लावायची न्हाई कंदी. तळाला त्यांचं असू दे," ती म्हणाली. "ईरजान हाय ते."

गाडी आता उरवड्याच्या अंगणात असते. दुकानातलं पोरगं तिला दवाखान्यात नेतं, कधी मुठ्यापर्यंत फिरवून आणतं. आरशाला धोंडिबाची घंटा आहे, पुढच्या झाकणावर सवयीनं दह्याचं भांडं, झाकण तापत नसलं तरी. मी गेलो की चालवायला बसण्याआधी आकडा बघतो. तो तळाला गेलेला मी अजून पाहिलेला नाही. आणि अक्का निघताना मला दर वेळी वाटीत दही घालून देते.